नत्थूजींचं फडकं

सूतगिरणी, वर्धा
२८ सप्टेंबर १९७८

प्रिय माय,

तुझं पत्र मिळालं. दसऱ्याआधी नोकरी सोड आणि केळझरला परत ये, असं लिहिलंस. कारण लिहिलं नाहीस आणि मी विचारणारही नाही. पण आधी माझी बढाई ऐक. आज मी इतकी खूश आहे की खोलीत एकटीच हसत बसले आहे!

माझं काम काय ते तुला नीट कधी सांगितलंच नाही. वीज गेली की आमची गिरणी एका मोठ्या डिझेल इंजिनावर चालते. त्याचं तेल बाटलीत भरून माझ्याकडे येतं. मी थेंब टिपकागदावर सोडते, थोडं तेल तापवून बघते, धातूची कणी दिसते का ते भिंगाखाली शोधते. इंजिन आतून झिजू लागलं की आधी तेलात कळतं. सेवाग्रामच्या दवाखान्यात तुझं रक्त तपासलं होतं ना, तसंच समज.

पण माझ्या तेलात कधी कणीच सापडेना. आमचे मॅनेजर मधुकरराव चिडवायचे, मग चिडवणं सोडून प्रयोगशाळेला कुलूप लावायची भाषा करू लागले. मला काही ते पटेना. वीज गेली की तासन्‌तास राबणारं इंजिन आणि झिजेचा मागमूस नाही? परवा मीच तडक इंजिनघरात गेले. बघते तर आमचे मिस्त्री नत्थूजी धोतराच्या फडक्यातून तेल गाळून माझी बाटली भरताहेत! मी ओरडलेच. ते बिचारे गोंधळून म्हणाले, "बाईले घान तेल काऊन द्याव? पावन्याले कोनी गढूळ पानी देते का? मी तं पयल्यापासून गायूनच देतो." माझा मान राखत होते गं! हसावं की कपाळ बडवावं? मग एकदम सुचलं, म्हटलं, नत्थूजी, बाटली राहू द्या, मला ते फडकं द्या.

माय, मी जे शोधत होते ते सगळं त्या फडक्यात अडकलं होतं. उन्हात धरलं तर पिवळे कण चमकत होते. म्हणजे बेअरिंगचा वरचा पांढरा थर झिजून खालचं पितळ उघडं पडलं होतं. मी मधुकररावांना म्हटलं, इंजिन आत्ता बंद करा. ते म्हणाले, उघडून काही निघालं नाही तर कुलूप तुम्हीच लावायचं. मी म्हटलं, लावीन. 

आज इंजिन उघडलं. बेअरिंग पार झिजून गेलं होतं आणि आतल्या दांड्याला बारीक तडाही गेला होता. आणखी चाललं असतं तर तो दांडा तुटून लोखंड फोडत बाहेर आला असता. मधुकररावांनी ते बेअरिंग हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, यापुढे शालूबाई हो म्हणतील तेव्हाच इंजिन सुरू होईल. टाळ्या कुणी सुरू केल्या? नत्थूजींनी! जणू फडकं त्यांनी याचसाठी धरलं होतं.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. कापसाची सरकी काढायच्या जिनातलं इंजिन फुटलं आणि आबा गेले, त्या दिवसापासून तू इंजिनाचा आवाज आला की रस्ता बदलतेस. म्हणूनच तू मला परत बोलावतेस ना? माय, मी येणार नाही. आमच्या इंजिनाजवळ उभे राहणारे सगळे आज धडधाकट घरी गेले, ते मी पाहिलं. तेव्हा तूच ये. खंडेनवमीला इंजिनाची पूजा आहे आणि पहिलं कुंकू तुझ्या हातानं लागावं, असं नत्थूजींनी ठरवलंय. मी अडखळत सांगितलं, की आबा गेल्यापासून माय कुंकवाला हात लावत नाही. ते म्हणाले, "तिचाच हात लागला पाह्यजे. मायले घेऊन येजो, पोरी." सकाळच्या एसटीनं निघ. मी स्टँडवर उभी असेन, आणि इंजिनघरात तुझा हात धरून मीच नेईन.

तुझीच,
शालू