जॉयच्या कागदावरचे दहा

प्रिय व्हॅलेरी,

तुझ्या पप्पांनी तुला फोनवर "मेडल न्हाय मिलालं" एवढंच सांगितलं. पुढचं मी सांगतो.

चाळीस वर्षं एअर रायफल चालवलेल्या कॉन्रॅड अंकलची, डोळे अधू झाल्यामुळे, ही शेवटची स्पर्धा होती. शेवटच्या गोळीपर्यंत ते पहिले होते. ती गोळी चुकून शेजारच्या, माझ्या टार्गेटच्या कागदावर लागली, अगदी मधोमध, दहा गुणांच्या ठिपक्यावर. पंचांच्या ते लक्षात आलं नाही. अंकल गुपचूप आणखी एक गोळी स्वतःच्या कागदावर मारू शकले असते. त्यांनी रायफल खाली ठेवून हात वर केला.

"साहेब, माझी गोली जॉयच्या कागदावर गेली हाय. मला शून्य लिवा."

उत्तनला परतताना रिक्षात मला म्हणाले, "दहा लागले ना रे? मंग नेम कुठं चुकला?" आणि हसत राहिले.

मला हसता आलं नाही. ते जास्तीचं छिद्र मी त्यांच्या आधी पाहिलं होतं. एकाच कागदावर दोन छिद्रं दिसली की त्यांतलं जास्त गुणांचं माझ्या नावावर लागेल, म्हणून गप्प बसलो होतो. रविवारी चर्चमध्ये मिस्सेत त्यांच्याशेजारी गुडघे टेकले, पण प्रार्थना होईना.

हे पत्र पेटीत टाकण्याआधी त्यांना सांगायला हवं. आता त्यांच्याकडेच निघालोय.

तुझ्या पप्पांकडून अजून शिकणारा,
जॉय