राजूर घाटाच्या कड्यावरून

बाई,

काल पुन्हा राजूर घाटावर गेले होते. दुर्बीण, पाण्याची बाटली आणि तुमचा रेडिओ सेट घेऊन. खाली मोताळ्यापर्यंत कपाशी हिरवीगार होती, आणि मला काही बरं वाटेना. फवारणीचे दिवस आले की माझं असंच होतं.

मी तुमच्याच शाळेत नुकती शिकवायला लागले होते, तेव्हा रविवारी तुम्ही मला पक्षी बघायला न्यायचात. पिशवीत सेटही असायचा. ‘बाईंचे दोन्ही छंद हवेतले,’ असं बाकीच्या शिक्षिका म्हणायच्या. कड्यावर बसून तुम्ही मलकापूर-खामगावच्या रेडिओवाल्या हौशी मंडळींशी बोलायचात. मी फक्त ऐकायचे, कारण सेटवर बोलायला सरकारी परवाना लागतो; माझी परीक्षा झाली होती, पण परवाना यायचा होता.

त्या सकाळी तुम्ही मला सर्पगरुड दाखवत होतात, तेवढ्यात खालच्या वावरातून ओरडा आला. दुर्बिणीतून पाहते तर कपाशीत एक माणूस पाठीवरच्या फवारणीच्या पंपासकट आडवा पडलेला आणि त्याची बायको त्याला हलवतेय. बीटी कपाशीचं बियाणं आल्यावर फवारणी उरणार नाही, असं गावोगाव सांगत होते. बोंडअळी गेली, पानांचा रस शोषणारे तुडतुडे राहिले, पंप काही पाठीवरून उतरला नाही.

तुम्ही सेट माझ्या हातात दिलात. “तू इथंच थांब. खाली गेलं की आवाज जात नाही. तू बोल.”

“बाई, माझा परवाना...”

“माणूस मरून राह्यला. परवान्याचं मंग पाहू.”

मोबाइलला रेंज नाही. मी बटण दाबते, हाक मारते, नुसती खरखर. खाली तुम्ही त्याचा औषधानं भिजलेला शर्ट काढून अंगावर पाणी ओतताय. मधेच वर बघून ओरडून विचारताय, “लागला काय?” मी पुन्हा बटण दाबते. मग मलकापूरचे काका, ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, बोलले. “हाव पोरी, ऐकू येऊन राह्यलं. हळू सांग, कुठं?” मोताळ्याच्या दवाखान्याला फोन आणि जीप, दोन्ही त्यांनीच पाहिलं. “औषधाचा डबा फेकू नोका, डॉक्टरले दाखवा लागते,” म्हणाले. ते सांगायला मी तशीच उतारावरून पळत सुटले.

तो वाचला. दिवाळीनंतर त्याची बायको शाळेत आली. “बाई, तुमच्यानं वाचलं माह्यं माणूस.” तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. “बोलावलं तं हिनं.”

आता गुलाबी बोंडअळी आलीय, फवारण्या पुन्हा वाढल्यात, आणि कड्याखालच्या वावरात रेंज अजूनही येते-जाते. तुमच्यामागून मलकापूरचे काकाही गेले. हे ठाऊक असून काल मी सेटवर हाक मारत राहिले. बऱ्याच वेळानं खामगावकडून एका मुलीचा नवखा आवाज आला. “मॅडम, काही अडचण हाय काय?”

“नाही गं, सहज,” मी म्हटलं.

हे पत्र कुठं पाठवणार? घडी घालून ठेवून देईन. पण तुम्हाला सांगते बाई, सहज नव्हतं. कुणी ऐकतंय की नाही, एवढंच मला बघायचं होतं.