ओबिसफेदच्या पाण्याची वाटणी

मी, माहफिरात, ओबिसफेदचे पाणी वाटून देणारे मिराब होलनजर यांची थोरली मुलगी व बोगदा-कामगार सब्जअली यांची विधवा, वय एकाहत्तर, राहणार ओबिसफेद, पूर्वी याच गावच्या टपालघरात कारकून, हा कागद स्वतःच्या हाताने, कुणाच्या सांगण्यावरून वा दडपणाने नव्हे, लिहून ठेवीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. याविषयी ज्याला शंका असेल त्याने मी हयात असतानाच येऊन खात्री करून घ्यावी. मेल्यावर शंका काढणारे पुष्कळ निघतात. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वाटून देण्यासारखे जे खरे होते ते डोंगराच्या पोटातून पलीकडे वाहून गेले. जे उरले त्याची व्यवस्था पुढीलप्रमाणे करावी.

कलम १. घर. दोन खोल्या, ओसरी व गोठा असे माझे दगडामातीचे घर मी माझा मुलगा इकबोल यास देते. इकबोल मॉस्कोत भुयारी रेल्वेसाठी बोगदे खणतो. दगडाच्या धुळीने बापाची छाती कशी भरत गेली हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे, आणि तरी तेच काम धरले. त्यावर मी फोनवर एकदाच बोलले. तो म्हणाला, "आई, इथं पाणी मारत खणतात, धूळ उडत नाही. आणि मला दुसरं येतं तरी काय?"

इकबोलने हे घर राहण्यासाठी ठेवू नये अशी माझी इच्छा आहे. छताची लाकडे चांगल्या चिनाराची आहेत, ती काढून न्यावीत. गाव सोडून गेलेल्या सगळ्यांनी तेच केले. भिंती आपोआप पडतील. "आईचे घर" म्हणून कुलूप लावून ठेवण्याचा रडवेपणा करू नये.

कलम २. माझ्या नवऱ्याच्या वस्तू. सब्जअलीचे शिरस्त्राण, रबरी बूट व सरकारने दिलेले पदक इकबोलकडे जावे. बोगद्याच्या उत्तर तोंडापाशी काचेच्या कपाटात मांडण्यासाठी शिरस्त्राण मागायला दोन साहेब आले होते. त्यांना मी चहा दिला, शिरस्त्राण दिले नाही. पुढेही देऊ नये.

हे वाचून कुणी म्हणेल की म्हातारी पहिल्यापासून बोगद्याच्या विरुद्ध होती. तसे नाही, आणि ते इथे नोंदले जावे. हा बोगदा मला नको होता असे नाही. माझ्याइतका तो कुणालाच हवा नव्हता. माझी थोरली मुलगी ओयगुल नऊ वर्षांची असताना तिच्या पोटात कळ उठली. घाट बर्फाने बंद होता. तिला खाटेवर घालून सब्जअली आणि माझा भाऊ तोलिब चढाला लागले आणि अर्ध्या वाटेवरून परत आले. डॉक्टर डोंगरापलीकडच्या गावात, आम्ही अलीकडे. ती गेली त्या दिवशी आकाश स्वच्छ होते आणि पलीकडच्या बाजूचे शिखर अगदी हाताशी असल्यासारखे दिसत होते.

बोगद्याचे काम पहिल्यांदा निघाले तेव्हा सब्जअली सगळ्यांच्या आधी नाव नोंदवून आला. मग देशात आपसातले युद्ध सुरू झाले, यंत्रे गंजली, बोगद्याच्या तोंडात लोक मेंढ्या बांधू लागले. पुढे परदेशी कर्ज आले, परदेशी कंपनी आली. सब्जअली पुन्हा गेला. ज्या डोंगरामुळे पोरगी गेली त्या डोंगराला तो भोक पाडत होता, आणि रोज भाकरी बांधून देताना मला त्यात समाधान वाटत असे.

कलम ३. जर्दाळूची बाग. बाग आता नाही, खोडे आहेत. ती तोडून सरपण म्हणून माझी शेजारीण सावरी हिने न्यावीत. वाळलेले जर्दाळूचे लाकूड छान जळते, धूर करत नाही. बागेचा एवढा तरी उपयोग होईल.

बाग कशी गेली ते लिहिते. एका संध्याकाळी सब्जअली छातीपर्यंत भिजून घरी आला. मी विचारले, "पाऊस तर नाही. पडलास कुठं?"

"डोंगर फुटला," तो म्हणाला. "भोक मारलं आणि आतून पाणीच आलं. थांबायला तयार नाही. इंजिनियर म्हणतो, चर काढून दक्षिणेकडं सोडून द्या, उतार तिकडचाच आहे."

"किती पाणी?"

तो चुलीपाशी बसला. बूट काढले नाहीत. "नदीएवढं," तो म्हणाला. "माहफिरात, उद्या झऱ्यावर जाऊन बघ जरा."

आमच्या गावाच्या डोक्यावर खडकातून झरा निघत असे, पांढऱ्या फेसाचा. त्यावरून गावाचे नाव, ओबिसफेद म्हणजे पांढरे पाणी. माझे वडील होलनजर या झऱ्याचे मिराब होते. कुणाच्या पाटात कधी पाणी सोडायचे हे तेच ठरवत आणि त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. मी सकाळी गेले तेव्हा झरा वाहत होता. पुढच्या जुम्म्याला तो बारीक झाला. कापणीपर्यंत खडक नुसता ओला राहिला, आणि पहिल्या बर्फाच्या आत तोही सुकला. पुढच्या वसंतात जर्दाळू फुलले. त्याचे मला आजही आश्चर्य वाटते. फुलले, आणि मग पाने आलीच नाहीत.

सब्जअली बागेत जायचा बंद झाला. भोक त्याच्याच हातच्या यंत्राने पडले होते. मी त्याला कधी दोष दिला नाही, पण "तुझा दोष नाही" असेही कधी म्हटले नाही. त्यानंतर तो खोकत खोकत फार थोडा जगला.

कलम ४. वडिलांचे फावडे. मिराबचे रुंद पात्याचे फावडे माझ्याकडे आहे. रिवाजाप्रमाणे ते मुलाकडे, म्हणजे माझा धाकटा भाऊ तोलिब याच्याकडे जायला हवे. ते त्याला देऊ नये. कारणे अशी.

तोलिब शिकला, त्याला परक्या भाषा आल्या, म्हणून कंपनीने त्याला लोकांच्या तक्रारी ऐकायला ठेवले. झरा आटल्यावर आम्ही तक्रार घेऊन गेलो तेव्हा खुर्चीत तोच होता. सगळ्या गावासमोर तो म्हणाला, "हा दुष्काळ आहे, आपा. सगळीकडंच बर्फ कमी पडलंय. बोगद्याचा आणि झऱ्याचा काही संबंध नाही, तसं तज्ज्ञांनी लिहून दिलंय."

मी म्हटले, "तोलिब, तू मिराबाचा मुलगा. तुझं काय म्हणणं आहे?"

"मी इथं कंपनीचा माणूस आहे."

तेव्हा आम्ही बायका उठलो आणि बोगद्याच्या तोंडासमोर रस्त्यावर सतरंज्या अंथरून बसलो. चहाचा समोवार आणला, रोट्या आणल्या. मालमोटारींची रांग लागली. एक ड्रायव्हर उतरून आला. "खाला, सरका जरा, माझा माल सडतोय."

"काय माल आहे?" सावरीने विचारले.

"टोमॅटो."

"नशीबवान आहेस. सडायलासुद्धा ओल लागते. बस, चहा घे."

तो बसला, चहा प्यायला, आणि मागच्या ड्रायव्हरलाही बोलावून आणले. पोलीस आले, तेही चहा पिऊन गेले. शेवटी तोलिब आला. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "आपा, ऊठ. बोगद्यातून नळ आणतो मी. आपलं पाणी परत आपल्या गावात. अब्बांच्या कबरीची शपथ."

"आपलं पाणी" हे शब्द त्याच्या तोंडून मी तेव्हा ऐकले. कानात सांगितलेले. मी म्हटले, "हेच मोठ्यानं बोल. सगळ्यांना ऐकू दे."

तो म्हणाला, "माझी नोकरी घालवू नकोस."

मी उठले. मी उठले म्हणून बाकीच्या उठल्या.

नळ आला. उद्घाटनाच्या दिवशी गावच्या चौकात पितळी तोटी बसवली, मोठे लोक आले, सनई-नगारा वाजला, तोटी फिरवली आणि पाणी आले. म्हाताऱ्या माणसांनी तोंड धुतले, काहीजण रडले. दुसऱ्या दिवशी तोटी कोरडी. पोरांनी शोधून काढले की नळ शाळेच्या मागे जाऊन संपतो आणि तिथे टँकरच्या चाकांचे ठसे आहेत. तोलिबला फोन केला तर म्हणाला, "यंत्रात थोडा बिघाड आहे, आपा. होईल." तो आजतागायत झालेला नाही.

त्यानंतर गाव निघाले. एकेक घर छताची लाकडे मोटारीवर लादून बोगद्यातून पलीकडे गेले. मागे उरलेले आम्ही थोडे लोक बर्फाचे पाणी साठवून पिण्यापुरते भागवतो. ज्या वाटेने डॉक्टर यायचा होता त्या वाटेने गाव गेले.

कंपनी गेल्यावर तोलिबला दक्षिण तोंडापाशी जमीन मिळाली. तिथे त्याचा चायखाना आहे. बोगद्यातून येणाऱ्या पाण्यावर त्याने चिनार लावले, जर्दाळू लावले, एक तळे करून त्यात ठिपक्यांचे मासे सोडले. शहरातले लोक थांबतात, मासा तळून घेतात. मागच्या वर्षी तो इथे आला, माझ्यासाठी तसाच एक मासा कागदात गुंडाळून घेऊन. मी तो मांजराला घातला. चहा झाल्यावर तो म्हणाला, "आपा, अब्बांचं फावडं दे ना. भिंतीवर लावतो. लोकांना जुन्या वस्तू आवडतात."

म्हणून फावडे सावरीचा नवरा गदो याला द्यावे. त्याचे स्वतःचे मोडले आहे.

कलम ५. किरकोळ. गाय सावरीला. ती लाथ मारते, हे सावरीला माहीत आहे. लग्नातला तांबडा गालिचा इकबोलच्या बायकोला. आम्ही भेटलेलो नाही, पण फोटोत ती समजूतदार वाटते. टपालघराचा पितळी शिक्का मी निवृत्त होताना परत केला नव्हता. तो सरकारला हवा असल्यास न्यावा.

कलम ६. माझे शेवटचे स्नान. याविषयी मी गावचे धर्मगुरू दोमुल्लो करोमत यांच्याशी बोलले आहे. मी त्यांना विचारले, "पाणी नसेल तर मयताला मातीनं शुद्ध केलं तर चालतं ना?"

"नसेल तर चालतं," ते म्हणाले. "पण खाला, बोगद्यापलीकडं आहे की. गाडीनं आणता येतं."

"ते हिसकावून नेलेलं आहे. हिसकावलेल्या पाण्यानं स्नान होतं?"

त्यांनी दाढी कुरवाळली. "ज्याचं त्यालाच परत दिलं, तर ते हिसकावलेलं राहत नाही," ते म्हणाले. "देणाऱ्यानं तसं कबूल मात्र करायला हवं."

यावरून मी असे ठरवते. मी गेल्यावर तोलिबला निरोप द्यावा. त्याने स्वतः दक्षिण तोंडाचे पाणी घेऊन यावे आणि जमलेल्या लोकांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणावे की, हे ओबिसफेदचे पाणी आहे. तसे म्हटल्यास त्या पाण्याने मला न्हाऊ घालावे. न म्हटल्यास पाणी बाहेर ओतून द्यावे आणि मातीनेच शुद्ध करावे. त्याला समजावू नये, आग्रह करू नये, रडू नये.

ओयगुल आणि सब्जअली यांच्या मधल्या जागेत मला ठेवावे. जागा अरुंद आहे, पण मला आता फार लागत नाही.

वरील सर्व मजकूर साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आहे. कलम चारला सावरी हसली आणि कलम सहाला उठून बाहेर गेली, पण सही करायला परत आली.

सही: माहफिरात होलनजर
साक्षीदार: सावरी (गदोची पत्नी), दोमुल्लो करोमत
स्थळ: ओबिसफेद. ९ ऑक्टोबर २०१७

पुरवणी

वरील मृत्युपत्रातील कलम ६ मध्ये बदल करणे भाग पडले आहे, कारण माझा धाकटा भाऊ तोलिब माझ्या आधी वारला. तळ्यापाशी उभा असताना कोसळला, असे कळवले.

गदोने मला गाडीतून बोगद्यापलीकडे नेले. आत धूर फार होता आणि रस्त्याच्या कडेने चरातून पाणी धावत होते. चायखान्यात माणसे दाटली होती. मी बायकांच्यात बसले. तोलिबची मुलगी झरनिगोर, जिला मी शेवटची पाहिली तेव्हा ती रांगत होती, पेला घेऊन माझ्यापुढे वाकली.

"आत्या, पाणी घ्या," ती म्हणाली. "ओबिसफेदचंच आहे. तुमच्या गावचं."

मी विचारले, "हे तुला कुणी सांगितलं?"

ती गोंधळली. "अब्बा नेहमी सांगायचे. येणाऱ्या पाहुण्यालासुद्धा. म्हणायचे, हे माझ्या आपाच्या गावचं पाणी आहे, सांडू नका."

शेजारच्या बायकांनी मान डोलावली. तिथे हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्या घरात कुणाला वाटतही नव्हते.

मी पाणी प्यायले, कारण पोरगी पेला धरून उभी होती.

तेव्हा कलम ६ असे वाचावे: पाणी झरनिगोरने आणावे. जे वाक्य हवे होते ते ती बोलून गेली आहे. तिला ते पुन्हा म्हणायला लावू नये. तिच्या बापाला मी माफ केलेले नाही. इतकी वर्षे तो परक्यांना खरे सांगत होता आणि माझ्यापर्यंत यायला गाडीने पाऊण तास लागतो, हे कळल्यानंतर तर मुळीच नाही. ही माफी माझ्या मालमत्तेत धरू नये आणि माझ्या नावाने ती दुसऱ्या कुणी देऊ नये.

सही: माहफिरात होलनजर
साक्षीदार: सावरी (गदोची पत्नी), गदो
स्थळ: ओबिसफेद. २२ मे २०१८