झरोक्यातली वाकळ

२० डिसेंबर २००१

“तांड्यावरच्या आणि भीमनगरच्या मायबहिणींनो! सरकारनं तुमच्या घरांसाठी माळ दिला आणि एका मेलेल्या बाईनं तो अडवून धरला. जित्या माणसाला छप्पर नाही, भुताच्या नावावर मात्र सातबारा!”

आज गाडीच्या टपावरून असं सुरू केलं आणि टाळ्यांनी माळ दणाणला. डोंगरकड्याकडचा हा पहिलाच मुक्काम, पण मन प्रसन्न आहे. संस्थेची प्रबोधन गाडी म्हणजे चाकांवरचं घरच. जुन्या मेटाडोरमध्ये फळीचा पलंग, पुस्तकं, पोस्टरांची भेंडोळी, लाल सिलिंडर आणि त्यावर चालणारा गॅसचा हिटर. हिटरच्या पाठीवर सूचना चिकटवलीय: पेटवल्यावर खिडकीला फट ठेवावी. टपाला झरोका आहे, तेवढा पुरे.

तांड्याचे नायक भीमसिंग यांनी माळावरची टीनाची खोली दाखवली. मागं एका थंडीत रस्त्याच्या कामावरचा राखणदार आणि त्याची बायको या खोलीत झोपले ते उठलेच नाहीत. घाव नाही, साप नाही. दोघांचे गाल लालबुंद, झोपेत हसल्यासारखे. दाराच्या पत्र्यावर आतून नखांचे ओरखडे आहेत. तेव्हापासून ‘तीच बाई रात्री छातीवर बसते’ म्हणून इथं कुणी कुदळ मारत नाही. महिनाअखेरपर्यंत पाया खणला नाही तर जागा रद्द होणार.

२१ डिसेंबर

भीमनगरच्या मालनबाईंनी भर सभेत टोमणा मारला. भाऊ, तुमी लई झ्याक बोलता, पण ती बाई भाषण ऐकून न्हाई राहिली. मागं एक जण अशीच पैज लावून गेला आन् रात्री औंढ्याला जाऊन झोपला, सकाळी मिशीला पीळ देत हजर!

लोक पोट धरून हसले. माझं रक्त तापलं. मी गरजलो की पुनवेपर्यंत रोज रात्र याच माळावर या गाडीत काढीन. गाडीच्या दाराला बाहेरून नायकांचं कुलूप, खिडक्यांना खळीनं चिकटवलेली माझीच पोस्टरं. एकही फाटलं तर मी हरलो. मुंगीलाही वाट राहणार नाही! पुनवेच्या सकाळी हसत बाहेर आलो की पहिली कुदळ मालनबाई मारतील.

संध्याकाळी भीमसिंगांनी खिडक्यांवर ‘भीती सोडा’ची पोस्टरं कडेपर्यंत चोपडून लावली. काम अगदी बराबर.

२३ डिसेंबर

शांत झोप. मालनबाईंनी भाकरी आणि ठेचा आणला, मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, जित्ते हाय की. थोडी निराशाच दिसली.

२५ डिसेंबर

थंडी कडाडली. झरोक्यातून वारा सुरीसारखा उतरतो. सिलिंडर हलका लागतोय आणि दुसरा यायला पुनव उलटेल. मग हिटर बारीक केला आणि झरोक्यात वाकळ कोंबली. आता ऊब टिकते. ज्योत निळी होती ती पिवळी झालीय. दिसायला अधिक प्रेमळ.

२६ डिसेंबर

कपाळ ठणकतंय. बाहेर उन्हात फिरलो की उतरतं, गाडीत शिरलं की पुन्हा. माझ्या भाषणातलं एक वाक्य मध्येच हरवलं. असं कधी झालं नव्हतं.

झोपेत छातीवर ओझं होतं. जेवल्या जेवल्या आडवा झालो म्हणून असेल.

२७ डिसेंबर

मालनबाई म्हणाल्या, भाऊ, गालाला लाली चढली तुमच्या, माळ मानवला जणू. मग झटकन भाकरी ठेवून मागं न बघता गेल्या.

भीमसिंग विचारत होते, काहून हट्ट करून राहिले साहेब, हरलो म्हणा, माणूस तं वाचंल. मी त्यांच्यावर ओरडलो. आता माघार घेतली तर हे लोक कधीच इथं येणार नाहीत.

२८ डिसेंबर

ती होती.

हिटरसमोर पाठमोरी, हात शेकत. मी बोललो. आयुष्यभर बोलतच आलोय. तिनं वळून पाहिलं नाही. मग उठून दाराशी गेली आणि खरवडू लागली—

सकाळी कुलूप उघडलं तेव्हा मी दाराशी पडलो होतो. माझ्या नखांत गाडीचा हिरवा रंग आहे.

कुणाला सांगितलं नाही.

२९ डिसेंबर, संध्याकाळ

शेवटची रात्र. दोन्ही वस्त्यांनी कुदळी धुऊन ठेवल्यात. भीमसिंग कुलूप लावून आज तांड्यापाशीच आगटी पेटवून बसणार. रात्री माळावर थांबायला कुणी तयार नाही.

ओकारी येतेय. अक्षर वाकडं— हिटर लावला. थंडी—

३० डिसेंबर, पहाट

पुन्हा आली. आज तोंड दिसलं. गाल लाल. ती मला धरायला आली नाही. ती बाहेर जाऊ बघतेय. नुसतं बाहेर—

टीनाची खोली. दार लावलेलं. थंडी होती. मग आत कोळशाची शेगडी असेल— कसं सुचलं नाही. शेगडी. हिटर. ज्योत पिवळी. वाकळ— वाकळ मीच—

पाय उठत नाहीत. हाक मारली, आवाज कुजबुजीएवढा. एवढ्या सभा गाजवल्या आणि—

नॉब फिरवला. बंद झाला का? कळत नाही. खिडकी हातभर लांब. काच सरकली, पलीकडे कागद. ‘भीती सोडा’ उलटं दिसतंय. बोटं— फाटत नाही, खळ घट्ट—

मी मेलो तर म्हणाल बाईनं नेला. नाही! ऐका. बाई नाही. कोंडलेल्या आगीची हवा आहे, तिला वास नाही. राखणदाराची बायको बिचारी ओरडत होती तेच मी ओरडतोय.

भीमसिंग, हे सगळ्यांना वाचून दाखवा. मालनबाई, कुदळ आजच मारा. आणि मायबहिणींनो, घर बांधाल तेव्हा भिंतीत झरोका ठेवा, कितीही थंडी पडली तरी तो उघडा ठे—