सदुसष्ट घोडे

५ नोव्हेंबर २०२५, बुधवार
आजपासून रोजनिशी. कारण गाडी. गाडी आली की नोंदी हव्यात. सर्व्हिसिंग, टायरची हवा, अ‍ॅव्हरेज. खासगी काही लिहायचं नाही.

गाडी पांढरी, चौदा वर्षांची. तळेगावच्या एजंटने शपथेवर सांगितलं, सदुसष्ट हॉर्सपॉवर. शुभदाची स्कूटर आठ हॉर्सपॉवरची होती. ती देऊन ही घेतली. म्हणजे घराला एकोणसाठ घोड्यांचा निव्वळ फायदा. शुभदाला हे सांगितलं तेव्हा ती कुकरची शिट्टी साफ करत होती. तिने शिट्टी झाकणावर बसवून फिरवून बघितली. पटलं असावं.

स्कूटर गेल्यामुळे तिच्या कामाची अडचण होईल असं कुणी म्हणेल. आम्ही लोणावळ्यात राहतो आणि मळवलीच्या एका बंगल्यावर ती स्वयंपाक बघते. मी म्हटलं होतं, रोज गाडीने सोडीन. दोनदा सोडलंही. नंतर माझी सकाळची शिफ्ट लागली.

सध्या ती भाऊबीजेला मळवलीला माहेरी गेली आहे. अजून आलेली नाही. कामाला तिथून जवळ पडतं.

८ नोव्हेंबर, शनिवार
खंडाळ्याच्या हॉटेलात मी फ्रंट ऑफिसला आणि आरिफ अकाउंट्सला. डबा खाताना त्याने विचारलं, सुहास, सदुसष्ट हॉर्सपॉवर की सदुसष्ट बीएचपी? म्हटलं, एकच. तो म्हणाला, एक नसतंय भाऊ. कागदावरचा पगार आणि पीएफ कापून हातात येणारा पगार, तेवढा फरक.

मी म्हटलं, माझ्या इंजिनात कापण्यासारखं काही नाही. तो हसला. त्याला स्वतःची गाडी नाही, हे इथे नमूद करतो.

९ नोव्हेंबर, रविवार
सुट्टी. अभ्यास केला. चार व्हिडिओ पाहिले. प्रत्येकाचं म्हणणं वेगळं, पण शेवटचा माणूस चष्मेवाला होता, त्याचं धरलं.

हॉर्सपॉवर हे नुसतं माप. किलो असतो तसं. इंजिनाच्या आत पेट्रोल जळून जी ताकद तयार होते, ती सगळी बाहेर येत नाही. पिस्टन घासतात, ऑइल पंप फिरवावा लागतो, त्यात काही जाते. उरलेली इंजिनाच्या दांड्यावर मिळते. ती मोजायला दांड्याला ब्रेकसारखं ओझं लावतात, म्हणून ब्रेक हॉर्सपॉवर. म्हणजे आत किती जोर आहे ते नाही, अडवल्यावर किती निघतो ते.

आणखी एक. एजंटचे सदुसष्ट हे मेट्रिक घोडे निघाले. ते जरा लहान असतात. बीएचपीत सहासष्ट. एक घोडा गेला. काही वाटलं नाही.

घरात शांतता आहे. अभ्यासाला बरं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
पुढचा व्हिडिओ. दांड्यावरून चाकापर्यंत जाताना गिअरबॉक्स वगैरे आणखी खातात. चाकाला पोचतात साधारण पंचावन्न. एसी लावला तर त्यातूनही तीन-चार. निर्णय : एसी लावायचा नाही. तसाही तो गरम हवाच देतो.

गेलेली ताकद कुठे जाते? तर उष्णतेत. खाली जाऊन बॉनेटला हात लावून बघितला. गरम. म्हणजे खरं आहे.

जिन्यात शेजारच्या जीनतभाभी भेटल्या. विचारलं, वहिनी दिसत नाहीत. म्हटलं, भाऊबीजेला गेली आहे. त्या म्हणाल्या, अच्छा. मग म्हणाल्या, अजून?

१६ नोव्हेंबर, रविवार
चढाची ट्रायल. टायगर पॉइंट. सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं, साडेअकराला निघालो. भुशी धरणापासून पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग. सगळा वेळ पहिला गिअर. एक कणीसवाला पायी मागून आला, मला मागे टाकून पुढे गेला, पुढे सगळी कणसं विकून परत आला. मी तिथेच होतो.

गाडी वळवून घरी आलो. निष्कर्ष : चढाबद्दल गाडीविरुद्ध काहीही सिद्ध झालेलं नाही.

रात्री मॅगी. काल पण मॅगी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
शुभदाचा धाकटा भाऊ गोरख याचा फोन. त्याने लोहगडवाडीला घर बांधलंय, पुढं ट्रेकवाल्यांसाठी पिठलं-भाकरीचं दुकान. तीस तारखेला वास्तुशांत. म्हणाला, दाजी, तुमी याच. ताईला आन् आईला मळवलीतनं घिऊन या. गाडी हाय न्हवं आता तुमच्याकडं.

म्हटलं, हाय. म्हणजे, आहे.

योजना पक्की. मळवलीहून दोघींना घ्यायचं, वाडीच्या वाटेवरचा गायमुखाचा चढ एका दमात चढायचा, वास्तुशांत, जेवण, आणि येताना शुभदाला पुढच्या सीटवर बसवून थेट लोणावळा. प्रश्न मिटला. मुळात प्रश्न नव्हता.

शुभदाला फोन केला. वास्तुशांतीला येते म्हणाली. घरी येते असं म्हणाली नाही, पण ते त्यात आलंच.

२९ नोव्हेंबर, शनिवार
गाडी धुतली. चाकांत हवा. ओटा पुसला, चहाची भांडी घासली. मॅगीची पाकिटं जीनतभाभींच्या कचऱ्यात टाकली.

दाराआड खुंटीवर शुभदाचं हेल्मेट अजून लटकतंय. लाल, मागे ओरखडा. गाडी असताना हेल्मेट कशाला? टाकून द्यायला काढलं. परत लावलं. उद्या बघू.

३० नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
क्रमाने लिहितो.

मळवलीला वेळेवर पोचलो. शुभदा मागे बसली. पुढच्या सीटवर सासूबाई, मांडीवर मोठं पितळी पातेलं, गोरखच्या घरासाठी. डिकीत तांदळाचं पोतं. शुभदाला विचारलं, कशी आहे गाडी? म्हणाली, बरी आहे.

भाजे सोडलं की गायमुख खिंडीच्या अलीकडे उभा चढ. तिथे वाडीची रीत आहे. वळणावर सगळे उतरतात, गाडी रिकामी वर जाते, माणसं पायी खिंड गाठतात आणि तिथे परत बसतात. जीपवालेसुद्धा उतरवतात. नवरीलाही उतरवतात म्हणे. वळण आलं तशा सासूबाई पातेलं सावरून म्हणाल्या, जावईबापू, थांबवा. हितं समदी उतरत्यात.

मी म्हटलं, ही गाडी तशातली नाही. बसून राहा.

त्या म्हणाल्या, आवो, त्यात काय कमीपणा न्हाई. समदीच उतरत्यात.

मी गाडी दामटली. अर्ध्या चढावर इंजिन थरथरलं आणि बंद पडलं. गाडी मागे घरंगळली. हँडब्रेक ओढला. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. क्लच जळल्याचा वास. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. सासूबाई पातेल्यात तोंड घालून देवाचं नाव घेत होत्या, ते घुमत होतं. मी त्यांना सांगायला लागलो की सहासष्ट हे दांड्यावरचे, चाकाला पंचावन्नच येतात, त्यात पोतं.

शुभदा दार उघडून उतरली. रस्त्याकडेचा दगड उचलून तिने मागच्या चाकाला लावला. सराईतपणे. इथलीच आहे ती. मग आईला हात धरून उतरवलं, दगड काढायला चाकाजवळ उभी राहिली आणि म्हणाली, आता न्या.

गाडी चढली. एका दमात. एवढी हलकी मी तिला कधी चालवली नव्हती.

खिंडीत थांबलो. दोन्ही दारं उघडून ठेवली. सासूबाई धापा टाकत आल्या, बसल्या. मागून शुभदा आली, डोक्यावर ओढणी, हातात पातेलं. पातेलं तिने आईच्या मांडीवर ठेवलं. मी मागची सीट झटकली. ती म्हणाली, तुमी व्हा पुढं. मी येते चालत.

खिंडीच्या पुढे चढ नाही. तिथे गाडीला काही अडचण नव्हती, हे मी तिला सांगितलं. तोवर ती पुढे गेली होती. सासूबाई समोर बघत म्हणाल्या, चला.

वास्तुशांत छान झाली. पुरणपोळी होती. निघताना शुभदा म्हणाली, आवराआवर आहे, राहते. मी एकटा उतरलो. उताराला गाडी उत्तम आहे.

४ डिसेंबर, गुरुवार
गाडी क्लचसाठी गॅरेजात. सर्व्हिसिंगच्या नोंदीत ही पहिली.

जीनतभाभींनी पुन्हा विचारलं, वहिनी कधी येणार. भाऊबीज हा शब्द तोंडात आला होता. मग बाहेर बघितलं, कुणाच्या तरी गॅलरीत ख्रिसमसचा तारा लागला होता. म्हटलं, माहीत नाही. त्या आत जाऊन वाटीभर खिमा घेऊन आल्या. खाल्ला. चव लागली की नाही ते आठवत नाही.

७ डिसेंबर, रविवार
सासूबाईंचा फोन. म्हणाल्या, गोरक्यानं त्याची जुनी स्कूटर शुभीला दिलीया, कामावर जायाला. तेवढं दाराआडचं हेल्मेट आणून द्या, नवं कशाला घ्यायचं.

म्हटलं, लगेच आणतो.

नव्या क्लचने गाडी सुरेख ओढत होती. हेल्मेट पुढच्या सीटवर ठेवलं होतं. वळणावर ते कलंडलं, तेव्हा हात लावून धरलं. मग मळवलीपर्यंत हात तिथेच राहिला. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. नोंद करतो, कारण इतक्या दिवसांत असं काही वाटलं नव्हतं.

शुभदा स्वतः बाहेर आली. हेल्मेट घालून पट्टा लावून बघितला, काढलं, काखेत धरलं. स्कूटर पायरीशी उभी होती. तिचेही घोडे आठच असतील. मग दारातून आत जाताजाता ती वळली आणि म्हणाली, चहा टाकलाय, घेता का?

मी म्हटलं, नको, गाडी चालू ठेवून आलोय.

ती बरं म्हणाली आणि आत गेली.

गाडी बंद करता आली असती. नवा क्लच आहे, बॅटरी ठीक आहे, लगेच सुरू झाली असती. हे लोणावळ्यात पोचल्यावर सुचलं.