क्लारिस अत्तर आणि मागच्या दाराची किल्ली

मी, लेओन्तीन रुस्तां, वय वर्षे एकोणऐंशी, अविवाहित, राहणार ग्रास गाव, अत्तराच्या दुकानाची मालकीण, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या पश्चात करायच्या व्यवस्थेबद्दल पुढीलप्रमाणे सांगत आहे. नोटरी क्रेस्पसाहेब लिहून घेत आहेत. माझे गुडघे गेले, डावा कान गेला, नाक शाबूत आहे. हे शेवटचे वाक्य साहेबांना अनावश्यक वाटते. ते तसेच ठेवावे, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. गेल्या वर्षीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही माझ्या बहिणीचा मुलगा फेर्नां दावेर याच्या नावे केले होते. ते मृत्युपत्र मी आज रद्द करते.

कलम पहिले. दुकान, त्यातली कपाटे, तराजू आणि जाईचा वास चरबीत उतरवण्याच्या काचेच्या चौकटी फेर्नांला द्याव्यात. खिडकीजवळची खुर्ची देऊ नये, ती फोडून चुलीत घालावी. माझे वडील ओनोरे रुस्तां गिऱ्हाईक बाईला त्या खुर्चीत बसवत, इकडचे तिकडचे विचारत आणि तिचा स्वभाव ठरवून टाकत. हसऱ्या बाईला गुलाब, हट्टी बाईला निशिगंध. लग्न न झालेल्या मुलीला मात्र निशिगंध कधी मिळत नसे, मुली बिघडतात म्हणून. बायका ठरवून घेत आणि पैसे देऊन जात.

कलम दुसरे. ‘क्लारिस’ हे अत्तर वडिलांनी माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी बनवले. त्यात जाई आहे, कडू संत्र्याची फुले आहेत आणि तळाला थोडी कस्तुरी. खोक्यावर आजही छापलेले असते: ‘मृदू, मितभाषी आणि क्षमाशील स्त्रीसाठी.’ माझी बहीण क्लारिस यातली काहीही नव्हती. ती पाद्रीबाबांच्या अंजिराच्या झाडावर चढून त्यांनाच वरून साली मारायची. खोक्यावरची बाई वडिलांनी आधी तयार केली आणि मग क्लारिसला तिच्यात बसवले. या अत्तराचा निम्मा हक्क माझा आहे आणि निम्मा फेर्नांचा. त्याला ते पॅरिसच्या एका कंपनीला विकायचे आहे, आणि दोन्ही हिस्सेदारांच्या सह्यांशिवाय ते विकता येत नाही. माझा निम्मा हक्क मी त्याची मुलगी नोएमी हिला देते. फेर्नां चिडेल. चिडू दे.

कलम तिसरे. हे कलम कोणाला काही देत नाही, तरी लिहावे. क्लारिसचे लग्न अर्क-भट्टीवरच्या मारियुस दावेर या मुकादमाशी झाले. वर्षभरात ती रविवारी जेवायला आली की तिच्याआधी तिचा वास जिना चढून येऊ लागला. दुसऱ्या एखाद्या घरात आईने विचारले असते, पोरी, तुला झालंय काय? आमच्या घरात चर्चा झाली ती थेंबांची. भरलेल्या कोबीचा घास तसाच ठेवून वडिलांनी तिला सुनावले की चार थेंबांच्या अत्तराची तू आंघोळ करतेस, बाजारबसव्या बायकांसारखी. मी शेजारी बसले होते. मी म्हटले, अत्तराच्या खाली आर्निकाचे मलम आहे, मुका मार लागल्यावर चोळतात ते, आणि कापूरही आहे. क्लारिसने ताटावरून मान वर केली नाही.

वडील म्हणाले, “जाईच्या पोटात थोडी घाण असतेच. तेवढंही ओळखता येत नसेल, तर तुझं नाक या धंद्याचं नाही.”

जाईत एक कुजकट वास दडलेला असतो हे खरे आहे, त्याशिवाय ती जिवंत वाटत नाही. पण मला तो आणि आर्निका यांतला फरक कळत होता. दुसऱ्या दिवसापासून माझी अत्तरे जुळवण्याच्या टेबलावरून उचलबांगडी झाली आणि मी गल्ल्यावर बसले, ती आजतागायत. वडिलांनी क्लारिससाठी तेच अत्तर आणखी कडक करून दिले, म्हणजे थोडक्यात भागेल. ते त्यांनी मायेने केले आणि त्याचीच मला सर्वांत जास्त चीड आहे. पुढच्या जाईच्या हंगामात क्लारिस तळघराच्या जिन्यावरून पडून मेली, असे मारियुसने सांगितले. फेर्नां तेव्हा रांगत होता. शवपेटीपाशी सगळा गाव म्हणत होता, काय सुंदर वास येतोय हिला.

कलम चौथे. माझ्या देहाला कसलेही अत्तर लावू नये. साध्या साबणाने धुवावे. क्लारिस आणि मारियुस यांच्या कबरींमध्ये सुरूच्या झाडाच्या मुळामुळे थोडी जागा सुटली आहे. कबरी खोदणारा बार्नाबे म्हणतो, तुमच्यासारखी वाळकी म्हातारी तिथे आरामात मावेल. मला तिथेच पुरावे. इतकी वर्षे ती त्याच्या शेजारी एकटी पडली आहे, आता मध्ये मी असेन.

कलम पाचवे. नोएमीचे लग्न सप्टेंबरात ल्युसियां ऑबेर याच्याशी ठरले आहे. मुलगा गोड बोलतो, माझ्यासाठी खुर्ची ओढतो, हाताचे चुंबन घेतो. मारियुसही घ्यायचा. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे साखरपुड्याला नोएमीला ‘क्लारिस’ अत्तराची बाटली मिळाली, आणि नवरी मुलीने दुसरे काही लावायचे नसते. गेल्या रविवारी ती एकटी मला भेटायला आली. भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा झगा होता, आणि वास तिच्याआधी जिना चढून आला.

“मावशीआजी, जरा जास्तच झालंय का?” तिने विचारले.

“झालंय. खाली काय लावलंयस?”

“कुठे काय. जाईच्या पोटात थोडी घाण असतेच ना? बाबा नेहमी सांगतात.”

म्हणजे माझ्या बापाचे वाक्य माझ्या बापाच्या पणतीच्या तोंडी आले होते. मी म्हटले, “असते. ही ती नव्हे.” ती हसली, मला लग्नाची तारीख पुन्हा सांगितली आणि कॉफी न पिताच गेली. मी फेर्नांकडे गेले. तो म्हणाला, मावशी, तुझं नाक म्हातारं झालं, पोरीचं सुख तुला बघवत नाही का? त्या संध्याकाळी मी क्रेस्पसाहेबांना निरोप धाडला.

कलम सहावे. माझे राहते घर, आतल्या सामानासह, नोएमीचे एकटीचे. तिच्या बापाचा, होणाऱ्या नवऱ्याचा किंवा पुढेमागे होणाऱ्या कोणत्याही नवऱ्याचा त्यावर हक्क नाही. मृत्युपत्रातले दान मेल्यावरच लागू होते, असे साहेब म्हणतात. मला माझ्या मरणाची घाई नाही, पण तिला तितकी सवड आहे असे मला वाटत नाही. म्हणून घराचे वेगळे बक्षीसपत्र आजच केले आहे आणि मागच्या दाराची किल्ली साहेबांकडे ठेवली आहे. ती त्यांनी स्वतः तिच्या हातात द्यावी, बापाच्या नव्हे. दाराला आतून नवा अडसर बसवला आहे. ती कधीही आली तरी मी मागच्या खोलीत आहे, आणि माझा उजवा कान चांगला आहे. काय झाले हे मी तिला विचारणार नाही. तिने फक्त किल्लीची पोच द्यावी, दोन शब्दांची चालेल.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझाच आहे. साहेबांनी गाळायला सुचवलेली वाक्ये मी गाळलेली नाहीत.

ग्रास, ११ ऑगस्ट १९५८.

सही: लेओन्तीन रुस्तां

साक्षीदार:
१. बार्नाबे मोबेर, कबरी खोदणारा
२. ओदील फांतों, पाववाली

माझ्यासमक्ष: ए. क्रेस्प, नोटरी

सोबत जोडलेली पोच, १९ ऑगस्ट १९५८:

किल्ली मिळाली. आर्निकाच होती.
नोएमी दावेर