फळीवरची सुपारी

प्रिय पर्पेतुआ,

तुझा निरोप पोचला. त्यावर एकदम लिहायला हात धजत नाही, म्हणून आधी गावातलंच लिहिते. रताळी यंदा बरी आली. कोको वाळत घातला की पाऊस येतो, निम्म्याला बुरशी लागली. डामियन मामाचे गुडघे गेलेत, जीभ मात्र जागेवर आहे.

मागच्या आठवड्यात बुकाहून सरकारी कामावरची एक मुलगी आली होती. चर्चच्या अंगणात सगळ्यांना बसवून तिने परत तेच समजावलं: बूगनव्हिल वेगळा देश व्हावा असं आपण मत दिलं, ती आपली इच्छा झाली, पण आज आपण ज्या देशात मोडतो त्याच्या राजधानीत, मोर्सबीच्या संसदेने हो म्हटल्याशिवाय ते खरं व्हायचं नाही. मत देऊन पाच वर्षं झाली, पोरी. शंभरातले अठ्ठ्याण्णव एका बाजूला, असं रेडिओवर ऐकलं त्याच दिवशी आम्ही डुकरं मारली, बांबूचे पावे वाजवले, आणि मी आलोइसच्या थडग्यावर जाऊन सांगून आले, की बाळा, झालं. मेलेल्याला सांगितलेलं आपल्यात परत घेता येत नाही. नंतर कळलं की काहीच झालेलं नव्हतं. तेव्हापासून मी त्या बाजूला फिरकलेले नाही.

मामा त्या मुलीला म्हणाला, “मग आम्हाला विचारलंत कशाला? लग्न आमचं, आणि हो म्हणणार शेजारी?” ती म्हणाली, “मामा, शांततेच्या करारातच तसं लिहिलंय. तुम्ही म्हाताऱ्यांनीच तो मान्य केलात.” “केला ना. तेव्हा बंदुका थांबवायच्या होत्या. घर जळत असताना शेवटची ओळ कोण वाचतो?” लोक हसले. मला हसू आलं नाही. मी उठून बोलले, की नाही म्हणायचं तर तोंडावर नाही म्हणा, पण माणसांना असं लोंबकळत ठेवू नका, वाट बघता बघता माणसं मरतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामा तेवढा माझ्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, “स्कोलास्तिका, तुझ्या चुलीवरच्या फळीवर काय आहे ते बघ आधी.” मी रागाने घरी निघून आले.

फळीवर काय आहे ते तुला माहीत आहे. आठ वर्षांपूर्वी वागी तुला मागणी घालायला, सुपारीचा घड खांद्यावर टाकून अनवाणी चढ चढून आला होता. मागे तू, डुकराची दोरी धरून. मी त्यातली एक सुपारी फोडून तोंडात टाकली असती की माझा होकार झाला असता. तुमचं तर ठरलेलंच होतं. मी घड फळीवर ठेवला आणि म्हटलं, बघू. त्याचा बाप मोर्सबीच्या फौजेत होता. लढाईच्या दिवसांत त्या फौजेने औषधाच्या होड्या अडवल्या आणि तापाने फणफणलेला तुझा तीन वर्षांचा भाऊ आलोइस माझ्या मांडीवर गेला. तेव्हा वागी स्वतः शाळेत जाण्याएवढाही नव्हता, हे मला कळत होतं. पण माझ्या हातात अडवून धरण्यासारखं तेवढंच होतं.

तुम्ही मोर्सबीत संसार मांडलात, तरी दर नाताळाला तू विचारायचीस, आई, काय ठरलं? मी म्हणायचे, देश होऊ दे, मग बघू. वर टोमणा मारायचे, की तुझा नवरा संसदेच्या दाराशीच पहाऱ्याला असतो, त्याला सांग आतल्यांना जागं करायला. त्याने उलट निरोप धाडला होता, “आईंना म्हणावं, रोज सांगतो, पण पहारेकऱ्याचं आत कोण ऐकतं?” ते ऐकून मी हसले होते. त्याला कधी कळू दिलं नाही.

आणि आता तुझा निरोप, की वागी बुधवारी गेला. जायच्या आदल्या दिवशी विचारत होता, आईंचं पत्र आलं का.

आज सकाळी मी तो घड खाली काढला. धुराने काळा पडलाय, सुपाऱ्या दगडासारख्या झाल्यात. माझे दात चार. एक सुपारी कुटली, चुना लावला आणि मामाच्या देखत तोंडात टाकली. रंग आला नाही. तरी चावून चावून गिळली. मी हो म्हणते, पर्पेतुआ. ओढ्याकडची जमीन तुमच्या पोरीच्या, छोट्या मेलिताच्या नावाची, हेही मामासमोर बोलून टाकलं. मिशनमधली सिस्टर उद्याच्या विमानाने मोर्सबीला निघालीय, तिच्या हाती हे पत्र देते, म्हणजे त्याला मातीत ठेवायच्या आत तुला मिळेल. त्याच्या माणसांसमोर मोठ्याने वाच. मग त्याच्या कानाशी वाकून, आईने हो म्हटलं, एवढं त्याला सांग. मेलेल्याला सांगितलेलं परत घेता येत नाही.

तुझीच, उशीर केलेली,
आई